आम्ही डिप्लोमावाले!

"बारावीला किती होते गं तुला?"

हॉस्टेलमध्ये पहिल्या रात्री बॅग उघडायच्या आधी आलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "मी बारावी केलीच नाही. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर."

"अच्छा… डिप्लोमा!"

त्या 'अच्छा' नंतरच्या तीन टिंबांवर हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी आठवड्यातून मोजक्या तासांचा विषय, आणि निबंध म्हणजे 'माझा आवडता प्राणी'. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नको. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण माझ्या बाबांनाही तो वाचता यायला हवा. का, ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षं, त्यानंतर डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. सीईटी नाही, पहिलं वर्ष नाही. आमच्या 'रेग्युलर' मित्रमैत्रिणींची नेमकी इथेच दुखरी नस आहे. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही दोन वर्षं क्लास लावून, झोप मोडून, सीईटी देऊन आत आलो. तुम्ही मागच्या दाराने आलात. आणि आमचं म्हणणं असं, की तुम्ही ऑब्जेक्टिव्ह प्रश्न सोडवत होतात तेव्हा आम्ही वर्कशॉपमध्ये फाइल घासून हाताला फोड आणत होतो. दोघंही खरंच बोलतात. म्हणून तर भांडण मिटत नाही!

पण खरं सांगू? मला राग त्या टोमण्यांचा नव्हता. टोमणा थोडासा खरा होता, याचा होता.

सेकंड इयरचं एम-थ्रीचं पहिलं लेक्चर. सरांनी फळ्यावर लाप्लासची व्याख्या लिहिली आणि "हे तुम्हाला फर्स्ट इयरपासून येतंच" म्हणत पुढे निघाले. वर्गातली साठ डोकी हलली. आमची आठ-दहा हलली नाहीत. एम-वन, एम-टू हे दोन मजले आमच्या इमारतीत बांधलेलेच नव्हते आणि आम्हाला तिसऱ्या मजल्यावर राहायला पाठवलं होतं. डिप्लोमाला पंचाऐंशी टक्के मिळवलेल्या मुलीला पहिल्या सेमिस्टरला एम-थ्रीची केटी लागली. घरी फोन करून सांगताना मी रडले होते. बाबा म्हणाले, "काय गो, एक केटी तर आहे. मोटर जळली काय एवढी?"

माझे बाबा आयटीआय इलेक्ट्रिशियन. आमचं घर गणपतीपुळ्याला. देवळाच्या आसपासच्या लॉजेसचे पंप, पॅनेल, जनरेटर, गीझर हे सगळं त्यांच्या सायकलच्या आणि नंतर स्कूटरच्या फेऱ्यांवर चालत आलंय. बाहेरगावचे लोक गणपतीपुळं म्हणजे समुद्र, उकडीचे मोदक आणि एमटीडीसी एवढंच ओळखतात. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या दृष्टीने ते खारट वाऱ्याचं गाव आहे. इथे स्क्रू सहा महिन्यांत गंजतो, कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे पडतात, आणि कॅटलॉगमध्ये दहा वर्षं लिहिलेली वस्तू चार वर्षांत हात टेकते. मी शाळेसाठी रोज सकाळच्या एसटीने आरे-वारे मार्गे पंचवीस किलोमीटरवर रत्नागिरीला जायचे, आणि संध्याकाळी येऊन बाबांचा टेस्टर धरायचे. माझं खरं पहिलं वर्ष ते.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सुट्टीत मी गावातल्याच एका हॉटेलच्या नव्या इमारतीच्या कामावर ट्रेनिंग करत होते. साइटवर शहरातून आलेले एक तरुण इंजिनिअर होते. बी.ई., शिवाय एम.टेक. सुरू. बाबा तिथे जुन्या इमारतीची देखभाल बघायला. म्हणजे एकाच साइटवर आयटीआय, डिप्लोमा अधिक अर्धी डिग्री, आणि पूर्ण डिग्री, अशा तीन पायऱ्या. आमच्या शिक्षणव्यवस्थेचं पूर्ण मॉडेलच म्हणा ना!

एका सकाळी मोठा थ्री-फेज पंप चालूच होईना. बटण दाबलं की सुरू व्हायच्या आधी ट्रिप. मे महिना, सगळ्या खोल्या भरलेल्या, वरची टाकी रिकामी. इंजिनिअर साहेबांनी मल्टिमीटर लावला. तिन्ही फेजमध्ये व्होल्टेज बरोबर. ते म्हणाले, "ओव्हरलोड रिले गेलाय, बदला." बाबांनी फक्त एवढंच सांगितलं, "साहेब, एकदा परत बटण दाबा." दाबलं. मोटर फिरली नाही, नुसती घुमली. बाबा म्हणाले, "रिले चांगला आहे. एक फेज येत नाहीये."

"पण मीटर तर दाखवतोय!"

"मोटर बंद असताना दाखवतोय. आता क्लॅम्प लावा आणि परत दाबा."

क्लॅम्प मीटर लावला. एका फेजमध्ये करंट जवळजवळ शून्य. फ्यूज काढून पाहिला तर तांब्याच्या पट्टीवर हिरवा कळंक. खाऱ्या वाऱ्याची करामत. लोड नसताना त्या कळंकातून मीटरपुरतं व्होल्टेज दिसत होतं, लोड आला की गायब. पट्टी घासली, बसवली, पंप सुरू.

इथे गोष्ट संपवली असती तर ती 'अनुभव श्रेष्ठ, डिग्री फालतू' अशी नेहमीची झाली असती आणि माझ्या डिप्लोमावाल्या दोस्तांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण गोष्ट तिथे संपली नाही.

दुपारी जेवताना मी बाबांना विचारलं, "पण एक फेज गेल्यावर मोटर घुमते का, फिरत का नाही?" बाबा म्हणाले, "नाही फिरत. तीस वर्षं बघतोय." हे उत्तर नव्हतं, हा अनुभव होता. उत्तर दिलं त्या इंजिनिअर साहेबांनी, डब्याच्या झाकणावर बोटाने काढून. तीन फेज असल्या तर चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि रोटरला सोबत ओढतं. एक गेली की ते फिरतच नाही, नुसतं मागे-पुढे होतं. मोटर आधीच चालू असेल तर ती चालत राहते, पण उरलेल्या वायरींवर जवळजवळ रूट थ्री पट, म्हणजे पावणेदोन पट करंट येतो आणि वाइंडिंग जळतं. बाबा घास तसाच हातात धरून ऐकत होते. म्हणाले, "म्हणून जळतात होय! मी आपला मालकांना 'मोटर जुनी झाली' सांगायचो."

आठवड्याने उलट प्रसंग आला. मागच्या अंगाला बांधलेल्या दोन खोल्यांना एसी आणि गीझर द्यायचे होते. पॅनेलपासून अंतर ऐंशी मीटर. बाबांनी सवयीने चार स्क्वेअर एमएमची केबल सांगितली. पंचवीस अँपिअरला ती पुरते, गरम होत नाही, हे त्यांचं बरोबरच होतं. पण साहेबांनी व्होल्टेज ड्रॉप काढला. जायचे ऐंशी मीटर, यायचे ऐंशी मीटर; २३० पैकी वीसेक व्होल्ट वाटेतच खर्च. मे महिन्यात संध्याकाळी आधीच व्होल्टेज रडत असतं, त्यातून अजून वीस गेले तर एसीचा कॉम्प्रेसर कसा उठणार? दहा स्क्वेअर एमएम टाकायची ठरलं. खर्च वाढला म्हणून मालक कुरकुरले. साहेबांनी आकडेमोड लिहून, खाली सही करून दिली.

बाबा घरी येताना गप्प होते. मग म्हणाले, "मी अशा किती केबल टाकल्या असतील गो…"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझ्या बाबांची तीस वर्षं खोटी नव्हती. पण ज्या चुकीचा आवाज येत नाही, वास येत नाही, हाताला चटका बसत नाही, ती चूक अनुभव पकडत नाही. ती गणित पकडतं. आणि गणितात बसत नाही असा हिरवा कळंक हातच पकडतो. दोन्ही वेगवेगळी ज्ञानं आहेत. एक दुसऱ्याची ज्युनिअर आवृत्ती नाही!

डिग्रीची किंमत मला तर रत्नागिरीजवळच रोज दिसते. कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल बघा. सुमारे ६४ मीटर उंच खांब, आणि वरचा पूल एका टोकाकडून पुढे ढकलत ढकलत नेलेला. इन्क्रिमेंटल लाँचिंगची ही पद्धत भारतात तिथे पहिल्यांदा वापरली गेली. ढकलताना हवेत अधांतरी असलेल्या टोकावर किती ताण येईल, हे कुठल्याही मुकादमाच्या अंदाजाने ठरत नाही. ते आधी कागदावर उभं राहावं लागतं. आणि कागदावर उभं राहिलेलं कोकणातल्या पावसात, डोंगरात प्रत्यक्ष उभं करायला फिटर, वेल्डर, सर्व्हेअर लागतात. १९९८ च्या २६ जानेवारीला ही रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. डिग्रीवाले किंवा बिनडिग्रीवाले, यांपैकी एकाच गटाच्या जोरावर ती गाडी अजूनही रोह्यालाच थांबली असती.

आता इतिहासाकडे येऊ, कारण या विषयावर वाद सुरू झाला की कुणीतरी इतिहास काढतंच. १५ सप्टेंबरला अभियंता दिनाला मेसेज फिरतो, की 'विश्वेश्वरय्यांकडे तरी बी.ई. कुठे होती?' खरं आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते १८८३ मध्ये एल.सी.ई. झाले, म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग. पण डिप्लोमावाल्यांनो, हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी थांबा. ती मुंबई विद्यापीठाची परीक्षा होती, त्या आधी त्यांनी बी.ए. केलं होतं, आणि एल.सी.ई.त ते पहिले आले होते. म्हणजे त्यांचं उदाहरण 'शिक्षण लागत नाही' याचं नाहीच. उदाहरण आहे ते नाव बदलतं, काम राहतं याचं. ते कॉलेजसुद्धा १८५४ मध्ये सुरू झालं तेव्हा बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारा एक 'क्लास' होतं. आज तिथे अ‍ॅडमिशन मिळाली की पेढे वाटतात!

मला जास्त जवळचे वाटतात ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९ चा जन्म. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, रंगांची पारख नीट होत नाही असं लक्षात आलं म्हणून चित्रकला सोडली आणि मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती मिळाली एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला सायकलच्या दुकानात भावाबरोबर काम सुरू केलं. तिथून लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. आपण ही गोष्ट 'अपमानातून यश' अशी भाषणात वापरतो. पण मला त्यात दुसरंच दिसतं. त्यांचा नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. म्हणजे ज्याला वरच्यांनी डावललं, त्याला खालच्यांनीही लगेच डोक्यावर घेतलं नाही. कागद नसलेल्या माणसाला दर वेळी नव्याने सिद्ध करावं लागतं, कागद असलेल्याला ते एकदाच करावं लागतं. सर्टिफिकेटचा खरा फायदा हाच, आणि सर्टिफिकेट नसण्याचा खरा त्रासही हाच.

माझी एक मैत्रीण लॉ करते. तिच्याकडून कळलं की हे आपलं हॉस्टेलमधलं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलेलं आहे! जम्मू-काश्मीर सरकारच्या सेवेत डिग्रीवाले आणि डिप्लोमावाले असिस्टंट इंजिनिअर एकाच पदावर होते, पण एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरच्या बढतीसाठी नियमाने डिप्लोमावाल्यांना वगळलं. त्रिलोकीनाथ खोसा यांच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला. निकाल १९७३ चा, आणि तो लिहिला आपल्या पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूड यांनी. कोर्टाने नियम योग्य ठरवला: वरच्या पदासाठी जास्त शिक्षण मागणं हा भेदभाव नाही. पण त्याच निकालात एक इशाराही दिला, की अशी बारीक बारीक वर्गवारी वाढवत नेली तर समानतेलाच अर्थ उरणार नाही. मला हे दोन्ही पटतं. पानवलच्या पुलाचं डिझाइन तपासणाऱ्याकडे डिग्री मागा, जरूर मागा. पण मागच्या महिन्यात एका कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये 'बारावीचे टक्के' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं, आणि 'डिप्लोमा' असा पर्यायच नव्हता. तिथे माझी परीक्षा कुणी घेतली? मी नापास झाले नाही. मी त्या फॉर्मच्या हिशेबी जन्मलेच नव्हते!

आणि आमच्यासाठी रस्ते फार आहेत असंही नाही. पूर्वी नोकरी करता करता एएमआयई करणारे पुष्कळ असत. रात्री अभ्यास, वर्षानुवर्षं पेपर. ज्यांनी ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केली, त्यांच्यासाठीच ती डिग्रीच्या बरोबरीची मानली गेली. त्यानंतरच्या मुलांना आमची ही डायरेक्ट सेकंड इयरची शिडीच जवळची. तिला 'मागचं दार' म्हणण्यापूर्वी एवढं तरी माहीत असावं.

आता शेवटची कबुली, आणि ही सगळ्यात अवघड आहे.

पॉलिटेक्निकला माझ्या बाकावर देवरुखकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. जिल्हा परिषदेची शाळा, मराठी माध्यम. तिचं ड्रॉइंग छापल्यासारखं. पॅनेलचं वायरिंग माझ्या आधी पूर्ण करायची. पण तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल समोर बसले की तिची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि मी कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत अर्धवट माहीत असलेलं उत्तरही असं ठोकून द्यायचे की एक्स्टर्नल खूश. तिला माझ्याहून कमी मार्क. त्या मार्कांवरच पुढचे प्रवेश झाले. ती आज एका वर्कशॉपमध्ये नोकरी करते, मी इथे तुमच्यासाठी लेख लिहिते. 'अच्छा… डिप्लोमा!' ऐकून मी दुखावले, पण मीसुद्धा तीन वर्षं कुणाच्या तरी वरच्या पायरीवर उभी होते आणि मला ते दिसलं नव्हतं. इंग्रजी हेही एक सर्टिफिकेटच आहे. ते कुठल्या विद्यापीठाचं नसतं, म्हणून दिसत नाही इतकंच.

म्हणून माझं मत असं. आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्यांसोबत काम करताना कमीपणा वाटून घेणं चूक, आणि 'आम्हाला प्रॅक्टिकल येतं' म्हणून कॉलर ताठ करणंही चूक. डिप्लोमावाल्याने 'मला हे गणित येत नाही' हे पहिल्या लेक्चरला हात वर करून सांगावं. मी सांगितलं नाही, म्हणून केटी लागली. त्यात व्यवस्थेचा दोष असेल, पण माझ्या गप्प बसण्याचा दोष माझाच. आणि डिग्रीवाल्याने, उद्या साइटवर गेल्यावर, निर्णय देण्याआधी तिथल्या वायरमनला एक प्रश्न विचारावा: "काका, तुम्हाला काय वाटतं?" तो प्रश्न विचारायला एम.टेक. लागत नाही.

नुसतं मत मांडून काय उपयोग, म्हणून एक प्रस्तावही मांडते. दर रविवारी मेसचं जेवण झालं की आमच्या विंगच्या कॉमन रूममध्ये दोन तास. पहिला तास रेग्युलरवाल्यांनी आम्हाला एम-वन, एम-टू शिकवायचं. दुसरा तास आम्ही त्यांना स्टार्टर उघडून दाखवायचा, सोल्डरिंग, क्लॅम्प मीटर, फॉल्ट शोधणं. जुना स्टार्टर मी घरून आणलाय, माझ्या पलंगाखाली आहे. रेक्टर मॅडमनी परवानगी दिली आहे, अट एकच, की फ्यूज उडवायचे नाहीत. (मॅडम, प्रयत्न करू!) आणि सर लोकांना एक नम्र विनंती: डायरेक्ट सेकंड इयरच्या मुलांसाठी पहिल्या पंधरा दिवसांत गणिताचे थोडे जादा तास घ्या. मजले वाढवण्याआधी खालचे भरून द्या.

गणपतीपुळ्याला देवाला प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या डोंगराला घालावी लागते, कारण तो डोंगरच देव मानतात. कुणी दर्शन घेऊन मग चालायला लागतं, कुणी आधी फेरी पुरी करून मग रांगेत उभं राहतं. वाटेत कुणी कुणाला विचारत नाही, तू कुठून सुरू केलंस. चालावं मात्र पूर्ण लागतं.

एम-थ्री मी या सेमिस्टरला सोडवलाय. ४६ मार्क. बाबांना फोन केला तर म्हणाले, "सुटला ना? मग आता मला ते व्होल्टेज ड्रॉपचं गणित शिकव. दिवाळीला येशील तेव्हा."

माझा पहिला विद्यार्थी ठरलाय. दुसरा कोण होतंय, बघू. रविवारी दोन वाजता या!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल